नळी घेऊन घरी

पुण्याच्या किंवा नगरच्या दवाखान्यातून डिस्चार्ज मिळतो तेव्हा नातेवाइकांच्या हाती एक फाइल, गोळ्यांची पिशवी आणि पन्नास मिलीची मोठी सिरिंज पडते. सिस्टर एकदा करून दाखवते. खाण्याच्या नळीचं टोपण उघडायचं, सिरिंज लावायची, फीड सोडायचं, मागून पाणी सोडायचं, टोपण बंद. पाहणाऱ्याला वाटतं, एवढंच ना, जमेल. मग गाडी नगर जिल्ह्यातलं कर्जत ओलांडून वस्तीवर येते, दिवेलागण होते आणि घरच्या बाईवर पहिलं फीड द्यायची वेळ येते. नळी जागेवरच आहे ना? पेज जास्त घट्ट तर झाली नाही? ठसका लागला तर काय करायचं? हे प्रश्न दवाखान्यात सुचलेले नसतात आणि आता विचारायला जवळ कोणी नसतं. नगर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, पुणे तीन-चार तासांवर. हे प्रकरण त्या रात्रीसाठी आणि तिच्या पुढच्या महिन्यांसाठी लिहिलं आहे.

नळी कोणाला लागते? कोणी बाटलीतलं ॲसिड पाणी समजून प्यालेलं असतं. जीव वाचतो, पण अन्ननलिका आतून भाजते आणि बरी होताना आक्रसते. घास तर सोडाच, पुढे पुढे थुंकीही उतरेनाशी होते. शौचालय धुण्याचं ॲसिड पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवायची सवय घराघरांत आहे आणि तिची सर्वांत मोठी किंमत लहान मुलं मोजतात. कोणाला अन्ननलिकेचा कर्करोग असतो. कोणाच्या तोंडाच्या कर्करोगावर शेक देऊन झालेले असतात आणि गिळताना प्राण कंठाशी येतात. कर्जतच्या पूर्वेला बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांसाठी 1987 साली बार्शीत ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातल्या कर्करोगाची गावोगाव फिरून पद्धतशीर मोजदाद करण्याचं देशातलं ते पहिलं मोठं काम. तंबाखू आणि मिश्रीच्या या पट्ट्यात तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे पेशंट सर्वांच्या पाहण्यात आहेत.

पण हा विषय फक्त कर्करोगाचा नाही. जुन्या मधुमेहात जठराला चालवणाऱ्या नसा कमजोर होतात. मग जठर रिकामंच होत नाही, सकाळी खाल्लेलं संध्याकाळी उलटून पडतं आणि माणूस खायला घाबरू लागतो. स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेत जेवलं की पोटात कळा येतात, म्हणून खाणं आपोआप तुटतं. आतड्याच्या क्षयाने आतडं जागोजाग अरुंद होतं. क्रोन्स नावाचा आजार हुबेहूब तसाच दिसतो आणि आपल्याकडे या दोघांतला फरक ओळखताना मुरलेल्या डॉक्टरांचाही कस लागतो. कोणाचं आतडं रक्तपुरवठा तुटून सडलेलं असतं आणि ते कापून काढावं लागतं. लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. त्यातलं दोन मीटरहूनही कमी उरलं तर नुसत्या तोंडी जेवणावर शरीर चालणं अवघड होतं.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. आजार दिसत नाही. हाताला प्लास्टर नाही, अंगात ताप नाही. माणूस वाळत जातो आणि गाव म्हणतं, काही खात नाही, हट्टी आहे. सुनेला उलट्या होत असतील तर तिच्यावर आणखी भलते आरोप होतात. जुनाट पोटाच्या रोग्याचं निम्मं दुःख आजारातून येतं आणि निम्मं या अविश्वासातून, असं माझं ठाम मत आहे. नळी बसली की एक मात्र होतं. आजार सर्वांच्या डोळ्यांसमोर येतो. पण मग दुसरा गैरसमज सुरू होतो: नळी घातली म्हणजे आता संपलंच.

या समजुतीला कारण आहे. महाराष्ट्रात खाण्याच्या नळीचा विषय घराघरांत पोचला तो अरुणा शानबाग यांच्यामुळे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिका 1973 साली झालेल्या हल्ल्यानंतर कधीच शुद्धीवर आल्या नाहीत. केईएमच्या सिस्टरांनी त्यांना चार दशकांहून जास्त काळ सांभाळलं आणि त्यातली बहुतेक वर्षं कुस्करलेलं अन्न हाताने भरवलं. नाकातली नळी आली ती शेवटच्या काही वर्षांत, 2010च्या आजारपणानंतर. मार्च 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी मागितलेलं दयामरण नाकारलं आणि मे 2015 मध्ये त्यांचं निधन झालं. त्या काळातल्या बातम्यांनी नळी, बेशुद्धी आणि मरण यांची आपल्या मनात एक गाठ मारून ठेवली. त्या सिस्टरांची सेवा कोणत्याही शब्दांपेक्षा मोठी आहे. पण कर्जतच्या वस्तीवर नळी घेऊन येणारा माणूस बहुधा पूर्ण शुद्धीत असतो, बोलतो, चालतो, हिशेब सांगतो. त्याच्यासाठी नळी ही जगण्याची सोय आहे. अनेकांची ती काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी निघतेही.

काही वेळा नळी पोटाला भोक पाडून बसवतात. असं भोक असलेला माणूस किती जगू शकतो, याचं उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच मिळालं होतं. जून 1822 मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवलं, पण जखम भरताना जठर पोटाच्या कातडीला चिकटलं आणि भोक कायमचं राहिलं. ब्यूमाँटने त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे, पावाचे तुकडे आत सोडले आणि ठरावीक वेळाने ओढून पाहिले. जठरातला रस अन्न विरघळवतो आणि माणूस चिडला की पचन बिघडतं, हे त्याने डोळ्यांनी पाहून 1833 साली पुस्तकात मांडलं. त्या तरुणाला प्रयोगाचं साधन करून टाकलं, हा ब्यूमाँटवरचा आक्षेप रास्तच आहे. पण सेंट मार्टिनने पुढे लग्न केलं, मुलं झाली, कष्टाची कामं केली आणि तो वारला 1880 साली. पोटाला भोक असताना त्याने 58 वर्षं काढली.

आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या नाकातल्या नळीला सगळे राइल्स ट्यूब किंवा नुसतं आर टी म्हणतात. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या जॉन राइल या डॉक्टरने 1921 साली जठरातला रस तपासायला ही बारीक रबरी नळी वापरली. खायला घालण्यासाठी ती नंतर वापरात आली. नाकातून घशात, तिथून अन्ननलिकेतून जठरात असा तिचा मार्ग. किती आत घालायची हे मोजायची रीत साधी आहे: नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. नळीवर खुणा असतात. तुमच्या माणसाच्या नाकपुडीपाशी कोणती खूण आली आहे, हे घरी निघण्याआधी विचारून घ्या आणि तिथे पेनाने रेघ मारा.

ही नळी चार ते सहा आठवड्यांपुरती ठीक. त्याहून जास्त काळ लागणार असेल तर नाक सोलवटतं, घसा दुखतो, लोक टक लावून बघतात आणि पेशंट झोपेत ती उपसतो. अशा वेळी नळी पोटातून थेट जठरात बसवतात. पूर्वी त्यासाठी पोट उघडावं लागे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये मायकेल गॉडरर हे लहान मुलांचे सर्जन आणि जेफ्री पॉन्स्की हे दुर्बीण घालणारे डॉक्टर यांनी जून 1979 मध्ये साडेचार महिन्यांच्या एका बाळावर पोट न उघडता हे काम केलं. बाळांच्या पोटात दुर्बीण घातली की अंधाऱ्या खोलीत तिचा उजेड पातळ कातडीतून बाहेर दिसतो, हे त्यांच्या पाहण्यात होतं. जिथे उजेड दिसतो तिथे जठर आणि कातडी यांच्यामध्ये दुसरं काही नाही. तिथेच बाहेरून सुई घातली, तिच्यातून दोरा आत सोडला, तो दुर्बिणीने पकडून तोंडातून बाहेर काढला, त्याला नळी बांधली आणि दोरा पोटाकडून परत ओढला. नळी तोंडातून आत शिरून पोटावरच्या भोकातून बाहेर आली. आज जगभर पेग म्हणतात ती हीच आणि आपल्याकडेही मोठ्या दवाखान्यांत ती थोड्या वेळात बसते.

अन्ननलिकाच बंद असेल आणि दुर्बीण जात नसेल, किंवा जठर काम करत नसेल, तर सर्जन लहान आतड्यात नळी बसवतात. फाइलवर तिला एफजे लिहिलेलं असतं. हा फरक घरच्यांना नीट समजलाच पाहिजे, कारण दोन्हींना फीड देण्याची रीत वेगळी आहे. जठर ही पिशवी आहे, ती एका वेळी पाव लिटर धरू शकते. आतडं ही वाट आहे, तिच्यात साठवण नाही. तिथे पाव लिटर एकदम सोडलं तर पोटात मुरडा येतो, घाम फुटतो, जुलाब लागतात. आतड्याला ठिबक लागतं, पाट नव्हे. एफजे असलेल्या माणसाला फीड सलाइनसारखं टांगून थेंबाथेंबाने, काही तास चालवून द्यायचं असतं. कर्जतच्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळतं. फक्त ते वाक्य डिस्चार्जच्या वेळी त्याला कोणीतरी सांगायला हवं.

आता प्रत्यक्ष फीड. पेशंटला बसवा, नाहीतर पाठीमागे उशा देऊन निदान तीस ते पंचेचाळीस अंशांत टेकवा. आडव्या माणसाला फीड देऊ नका. जठरातलं वर येऊन फुप्फुसात जातं आणि त्यातून होणारा न्यूमोनिया हा नळीच्या पेशंटचा सर्वांत मोठा वैरी आहे. फीड संपल्यावरही अर्धा ते एक तास तसंच बसू द्या. हात साबणाने धुवा. नाकाची नळी असेल तर पेनाची रेघ जागेवर आहे का ते बघा. रेघ सरकली असेल, आवाज अचानक बदलला असेल, सतत ठसका किंवा धाप लागत असेल तर थेंबभरही देऊ नका. सिरिंजने हवा मारून पोटावर कान लावून खात्री करायची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी शिकवतात. तिच्यावर भिस्त ठेवू नका, नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. नळी नव्याने घातली की खात्री एक्स-रेने होते. नंतर नळीतून रस ओढून त्याची आम्लता कागदाच्या पट्टीने तपासता येते. पट्टी साडेपाच किंवा त्याहून कमी दाखवत असेल तर नळी जठरात आहे.

मग तीस मिली उकळून गार केलेलं पाणी सोडा. ते सहज उतरलं तर फीड. सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवा, नळकांडं हातभर उंचीवर धरा आणि फीड आपल्या वजनाने उतरू द्या. दोनशे मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागली तरी हरकत नाही. दट्ट्याने ढकलायची घाई अंगाशी येते. फीड संपताच पुन्हा तीस मिली पाणी, कारण नळीत राहिलेलं दूध आंबतं, साकळतं आणि नळी तुंबते. तुंबलीच तर कोमट पाणी भरून सिरिंजने हलके पुढे-मागे करा, जरा थांबा, पुन्हा करा. तार घालू नका, सोड्याची बाटली ओतू नका.

गोळ्यांचा विषय निराळा आहे आणि तिथे चुका पुष्कळ होतात. प्रत्येक गोळी वेगळी कुटायची, वेगळी पाण्यात विरघळवायची आणि दोन गोळ्यांच्या मध्ये पाणी सोडायचं. ज्या गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटल्या तर दिवसाचं औषध एका क्षणात अंगात जातं. ॲसिडिटीच्या अनेक गोळ्यांवर आम्लापासून वाचवणारं आवरण असतं, ते कुटलं की औषध वाया जातं आणि भुगा नळीत अडकतो. डॉक्टरांना सरळ विचारा: यातलं कुटायचं काय, कुटायचं नाही ते काय, आणि पातळ औषध कशाचं मिळतं? इन्सुलिन चालू असेल तर आधी फीडची तयारी हाताशी ठेवा, मगच सुई टोचा. इन्सुलिन दिलं आणि नळी तुंबली तर साखर घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

दवाखान्यातून येताना डबाबंद पावडरचं फीड लिहून दिलेलं असतं. ते चांगलं असतं, मोजून दिलेलं असतं आणि महाग असतं. एक डबा फार दिवस पुरत नाही. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक घरं स्वयंपाकघराकडे वळतात. त्यात गैर काही नाही, पण तिथे एक मोठी फसगत होते. नळीतून जाईल असं पातळ म्हणून डाळीचं वरचं पाणी, भाताची निवळ, नारळपाणी असं सुरू होतं. दोनशे मिली नारळपाण्यात चाळीसच्या आसपास कॅलरी असतात. मोठ्या माणसाला दिवसाला पंधराशे ते अठराशे लागतात. घरातले सगळे दिवसभर राबतात, नळीतून दिवसाला दीड लिटर जातं आणि माणूस तरीही वाळतो. पोट भरलेलं आणि शरीर उपाशी, असं ते होतं.

दाट केलं तर नळीतून जात नाही, ही दुसरी अडचण. ज्वारीची आंबील किंवा हुलग्याचं माडगं गरम असताना पातळ दिसतं आणि निवलं की थापलं जातं. पिठातल्या स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात, पाणी धरून ठेवतात आणि गार होताना एकमेकांत गुंततात. यावर एक सुंदर उपाय आपल्याच देशात अभ्यासला गेला आहे. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात लहान मुलांच्या पेजेवर काम केलं. मोड आणून, वाळवून दळलेल्या धान्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. घट्ट पेजेत असं पीठ चमचाभर मिसळलं की काही मिनिटांत ती पातळ होते. पाणी वाढलेलं नसतं, पीठ कमी झालेलं नसतं, कॅलरी तेवढ्याच राहतात. बाळाच्या लहान पोटासाठी शोधलेली ही युक्ती बारीक नळीलाही लागू पडते.

करायचं असं. नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवून फडक्यात बांधून मोड आणा, कडक उन्हात वाळवा, मोड चोळून झाडून टाका आणि दळून डब्यात ठेवा. पेज शिजवून विस्तवावरून उतरवा, वाफ जरा ओसरू द्या, मग हे पीठ घालून ढवळा. उकळत्या पेजेत घातलं तर विकर मरतं आणि काहीच होत नाही. पेज पातळ झाली की पुन्हा एक उकळी काढा म्हणजे कच्च्या पिठातले जंतू मरतील. मग बारीक गाळणीने किंवा मलमलीच्या फडक्याने गाळून घ्या. मधुमेह असेल तर लक्षात ठेवा, स्टार्च तुटून साखर होते, म्हणून रक्तातली साखर तपासूनच प्रमाण ठरवावं. आणि ज्वारी पिकवणाऱ्या या तालुक्यात मुद्दाम सांगायला हवं: यासाठी ज्वारीला मोड आणू नका. ज्वारीच्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते त्यानेच. साध्या ज्वारीच्या पिठाची पेज खुशाल करा, ती पातळ करायला मोडाचं पीठ नाचणीचं किंवा गव्हाचं घ्या.

या पेजेला जोड द्या ती दुधाची, शिजवून घोटलेल्या मूगडाळीची, चालत असेल तर पूर्ण उकडलेल्या अंड्याची आणि चमचाभर तेलाची. लहान चमचाभर तेलात पंचेचाळीस कॅलरी असतात आणि नळी त्याने तुंबत नाही. कर्जत तालुक्यात पाण्याची ओढ असली तरी दुधाचा धंदा मोठा आहे आणि हे घरचं दूध पावडरच्या डब्याचा मोठा भार उचलू शकतं. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार असेल तर मात्र प्रमाण आहारतज्ज्ञांकडूनच घ्या. तयार फीड बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि चैत्र-वैशाखात तेवढंही नको. लाइट गेली की मिक्सर बंद आणि फ्रिजही बंद, म्हणून सकाळी दिवसभराचं करून ठेवण्यापेक्षा थोडं थोडं ताजं केलेलं बरं. टँकरचं पाणी उकळूनच वापरा, नळी धुवायलासुद्धा.

एक धोका वेगळा सांगतो, कारण तो मायेपोटी ओढवतो. पाचेक दिवसांहून जास्त काळ जवळपास उपाशी राहिलेल्या माणसाला नळी बसताच भरपूर देऊ नये. दहा दिवसांहून जास्त उपास घडला असेल तर धोका फार वाढतो. शरीर उपासमारीला सरावलेलं असतं. एकदम पिष्टमय अन्न आलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींमध्ये खेचलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. दुसऱ्या महायुद्धात उपासमारीतून सुटलेली माणसं भरपेट जेवल्यावर दगावली, तेव्हा डॉक्टरांचं याकडे नीट लक्ष गेलं. म्हणून पहिले काही दिवस कमी फीड, थायमिनचं औषध आणि रक्ताच्या तपासण्या. दवाखाना पहिल्या आठवड्यात थोडंथोडंच देतो तेव्हा तो कंजुषी करत नसतो.

पोटातली नळी असेल तर भोकाभोवतीची जागा रोज साध्या पाण्याने आणि साबणाने धुऊन कोरडी ठेवा. जखम भरल्यावर आंघोळ करता येते, सदरा किंवा पोलकं घातलं की नळी दिसतही नाही, बेताची शेतीकामंही होतात. भोकाच्या कडेला लालसर ओलं मांस वाढलं तर घाबरू नका, त्यावर साधे उपचार आहेत. नळी निसटली तर मात्र वेळ दवडू नका. पहिल्या काही आठवड्यांत निसटली तर स्वतः काहीही आत घालू नका, तडक दवाखाना गाठा. जुनं, पक्कं भोक असेल तरी ते काही तासांत आवळायला लागतं. पुष्कळ डॉक्टर तात्पुरती लघवीची फोली नळी घालून भोक उघडं ठेवतात. अशी नळी बाहेरून नीट चिकटवलेली नसेल तर आत सरकते आणि तिचा फुगा जठराचं पुढचं तोंड बंद करतो. मग उलट्या सुरू होतात. म्हणून तिच्यावरही पेनाची रेघ हवी. नवी नळी जागेवर आहे याची खात्री झाल्याशिवाय फीड सुरू करू नका.

तोंडाने काही जात नसलं तरी तोंड रोज दोनदा घासायला हवं. न वापरलेल्या तोंडात जंतू माजतात आणि तीच लाळ फुप्फुसात उतरते. हे सांगूनही राहून जातं, कारण जो जेवत नाही त्याचे दात घासायचे कशाला असं वाटतं.

जेवणाशिवाय राहणं म्हणजे काय, हे जेवणाऱ्याला कळणं कठीण आहे. आपल्याकडे आल्यागेल्याला पहिला प्रश्न जेवणाचा असतो. राशीनच्या देवीचं नवरात्र, कर्जतला गोदड महाराजांची रथयात्रा, सिद्धटेकची चतुर्थी, सुपारी फुटण्यापासून दहाव्यापर्यंतचं प्रत्येक कार्य पंगतीने पुरं होतं. नळीवरचा माणूस त्या सगळ्यांतून हळूहळू बाहेर पडतो. त्याच्यासमोर जेवायचं कसं म्हणून घरचे चोरून जेवतात आणि त्याला ते कळतं. त्यालाच विचारावं. कोणाला पंगतीत बसायला आवडतं, कोणाला फोडणीचा वासही नको असतो. गिळण्याची तपासणी करून डॉक्टरांनी मुभा दिली असेल तर जिभेवर तीर्थाचा थेंब किंवा आमटीची चव देता येते. मुभा नसेल तर देवाचं म्हणूनही देऊ नये. फीडची वेळ घराच्या जेवणाच्या वेळेशी जुळवली तर तो सगळ्यांबरोबर जेवतो, हे मात्र प्रत्येक घराला जमण्यासारखं आहे.

सरकारी बाजूने काय मिळतं? 2012 साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी योजना दाखल रुग्णाच्या ठरावीक शस्त्रक्रिया आणि उपचारांचा खर्च उचलते. घरी आल्यावर रोज लागणारं फीड, सिरिंजा आणि नवी नळी हा खर्च घराच्या खिशातून जातो. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. पचनसंस्थेचा जुनाट विकार किंवा नळीवरचं जगणं त्यांत नाही. म्हणजे दर तीन तासांनी फीड घ्यावं लागणाऱ्या माणसाला एवढ्या कारणावर एसटीची सवलत नाही आणि दाखलाही नाही. ही उणीव कायद्याने भरून काढलीच पाहिजे.

तोवर तालुक्याच्या पातळीवर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याचा दाखला शेजारच्या जामखेडमध्येच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यांतल्या कितीतरी जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या, पुष्कळ जणी दलित घरांतल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत, परत जाऊन गावात बाळंतपणं करत, जुलाबाच्या बाळाला साखर-मिठाचं पाणी पाजत, कुष्ठरोग्याच्या जखमा धूत. गावातले बालमृत्यू काही वर्षांतच झपाट्याने घटले आणि 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या हातांनी बाळंतपणं सुखरूप केली, त्या हातांना नळी सांभाळणं अवघड नाही. नळीवरची रेघ बघणं, डोकं उंच ठेवणं, पाणी सोडणं, धोक्याची खूण ओळखणं हे एका दिवसात शिकवता येतं.

कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नळी बदलू शकणारी एक सिस्टर, दोन-तीन मापांच्या नळ्या, फोली, पन्नास मिलीच्या सिरिंजा आणि आम्लतेच्या पट्ट्या एवढं ठेवायला मोठा निधी लागत नाही. आशाताईंच्या प्रशिक्षणात एक दिवस यासाठी द्यावा. मोठ्या दवाखान्यांनी डिस्चार्जच्या वेळी मराठीत लिहिलेला एक कागद द्यावा. त्यावर नळीचा प्रकार, माप, नाकपुडीपाशी किंवा कातडीपाशी आलेली खूण, दिवसाचं फीड, न कुटायच्या गोळ्या आणि अडचण आली तर लावायचा फोन नंबर असावा. आणि तुमच्या घरात नळीचा पेशंट असेल तर सिस्टरने करून दाखवलं म्हणून घरी निघू नका. तिच्यासमोर निदान दोन फीडं घरातल्या दोन वेगवेगळ्या माणसांनी स्वतःच्या हाताने द्या, मगच डिस्चार्जच्या कागदावर सही करा.